नळाच्या पाण्याची नोंद

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर मला जुलाब-उलट्यांनी गाठले आणि गावातल्या एका छोट्या हॉस्पिटलात दोन रात्री काढाव्या लागल्या. नर्सबाईंनी हाताला सुई लावली, वर एक बाटली टांगली आणि आर.एल. चालू आहे, हात हलवू नका काका, असे बजावून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला समोरचा कागद वाचल्याशिवाय चैन पडत नाही. वाचायला दुसरे काही नव्हते म्हणून बाटलीवरचे लेबल वाचले. सोडियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड, कॅल्शियम क्लोराइड, सोडियम लॅक्टेट. आर.एल.मधला एल म्हणजे लॅक्टेट. आर म्हणजे रिंगर. हा रिंगर कोण, असे सकाळी तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरांना विचारले, तर ते हसून म्हणाले की काका, हे आम्हाला परीक्षेत कधी आले नाही.

महाराष्ट्रात असे घर शोधून सापडायचे नाही, ज्यातल्या एखाद्या माणसाला ही बाटली कधी लागलेली नाही. बाळंतपण, अपघात, ऑपरेशन, गॅस्ट्रो, काहीही असो. आपल्या शिरांतून ज्याचे नाव वाहून गेले तो माणूस कोण, याचा शोध मी घरी परतल्यावर घेतला. वाटले होते एका औषधाची जन्मकथा हाती येईल. आली ती एका चुकीची कथा. आणि ती वाचताना मला माझी स्वतःची एक जुनी चूक आठवली, जिच्याबद्दल मी आजवर लिहिलेले नाही.

सिडनी रिंगर हे इंग्लंडच्या पूर्व भागातल्या नॉरिच गावचे. जन्म 1835 च्या सुमाराचा. वडील लवकर गेले. एक भाऊ व्यापारासाठी शांघायला गेला, दुसरा, फ्रेडरिक, जपानात नागासाकीला. हा फ्रेडरिक तिथला मोठा व्यापारी झाला. जपानात आज त्याच्या नावाची नूडल्सच्या उपाहारगृहांची एक साखळी आहे. एका भावाचे नाव सलाइनच्या बाटलीवर आणि दुसऱ्याचे खाणावळीच्या पाटीवर, असा हा योग.

सिडनी मात्र कुठे गेले नाहीत. 1854 मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यक शिकायला आले, 1860 मध्ये पदवीधर झाले, 1863 मध्ये एम.डी. झाले आणि 1900 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच कॉलेजात आणि त्याच्या रुग्णालयात राहिले. त्यांचा खरा लौकिक होता तो रोग्यांचा डॉक्टर म्हणून. 1869 मध्ये त्यांनी औषधोपचारावर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या 1897 पर्यंत तेरा आवृत्त्या निघाल्या. एवढ्यावर थांबले असते तरी आयुष्य सुखात गेले असते. पण या माणसाला एक व्यसन होते. वॉर्डात जाण्याआधी आणि वॉर्डातून सुटल्यावर ते कॉलेजच्या शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरत आणि बेडकाचे हृदय पाहत बसत.

बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढले तरी काही काळ धडधडत राहते, हे तेव्हा ठाऊक होते. त्यात नळी घालून योग्य द्रव फिरवत ठेवला तर ते आणखी टिकते, हेही माहीत होते. रिंगर यांचा प्रश्न साधा होता. रक्तात शेकडो पदार्थ आहेत. त्यातले नेमके कोणते हृदयाला चालते ठेवतात? म्हणून त्यांनी एकेक क्षार डिस्टिल्ड वॉटरमध्ये, म्हणजे उकळून, वाफ धरून शुद्ध केलेल्या पाण्यात विरघळवायचा आणि हृदय काय करते ते पाहायचे, असा क्रम लावला. 1882 मध्ये त्यांनी निष्कर्ष जर्नल ऑफ फिजिऑलॉजी या नियतकालिकात छापला. मिठाच्या पाण्यात थोडा बायकार्बोनेट आणि थोडे पोटॅशियम मिसळले की हृदय उत्तम चालते, असा त्याचा मथितार्थ होता.

आणि मग ते हृदय एकदा चालेनासे झाले.

प्रयोगशाळेत फील्डर नावाचा एक मदतनीस होता. पुढे नोबेल पारितोषिक मिळवलेले शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी सांगून ठेवलेली हकीकत अशी, की पाणी उकळत, वाफ धरत तासन्‌तास घालवण्यात फील्डरला काही अर्थ दिसत नव्हता. तो सरळ नळाखाली भांडे धरी. बाईमाणसांपासून बड्या लॉर्डांपर्यंत सगळे लंडन जे पाणी पिते ते बेडकाला का चालू नये, असा त्याचा हिशेब असावा. जेव्हा खरोखर शुद्ध पाण्यात द्रावण तयार झाले, तेव्हा हृदयाचे ठोके मंदावत गेले आणि वीसेक मिनिटांत ते थांबले. नळाच्या पाण्यात मात्र तेच हृदय कित्येक तास चाले.

नळाला येणारे ते पाणी न्यू रिव्हर कंपनीचे होते. न्यू रिव्हर ही खरी नदी नव्हे. ह्यू मिडल्टन नावाच्या गृहस्थाने 1613 मध्ये पुरा केलेला तो एक लांबलचक कालवा. हर्टफर्डशायरमधल्या खडूच्या दगडातून फुटणाऱ्या झऱ्यांचे पाणी तो लंडनला आणत असे. खडू म्हणजे चुनखडीचाच प्रकार. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो, तशा जातीचे हे पाणी. रिंगर यांनी त्याचे पृथक्करण मिळवले. दहा लाख भाग पाण्यात कॅल्शियम होते अडतीस भागांच्या आसपास. एवढ्याशा त्या कॅल्शियमवर बेडकाचे हृदय चालले होते. शुद्ध पाण्यातल्या थांबत चाललेल्या हृदयाला त्यांनी कॅल्शियमचा क्षार पुरवला आणि ते पुन्हा ठोके देऊ लागले.

आता कल्पना करा. वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, हाताखाली विद्यार्थी, मोठे नाव, आणि वर्षभरापूर्वीच छापलेला निष्कर्ष डोळ्यांसमोर कोसळलेला. कुणी पकडलेले नाही. नवा लेख वेगळ्या शीर्षकाखाली लिहून जुना विस्मरणात जाऊ देणे सहज शक्य होते. रिंगर यांनी 1883 च्या लेखात सुरुवातीलाच सांगून टाकले की आधीच्या लेखातले द्रावण शुद्ध पाण्यात केलेले नव्हते, ते न्यू रिव्हर कंपनीच्या नळाच्या पाण्यात केलेले होते, म्हणून तेव्हा जे परिणाम मी त्या द्रावणाचे म्हणून सांगितले ते त्या पाण्यातल्या क्षारांचे आहेत. मदतनीसाचे नाव कुठे नाही. चूक माझ्या द्रावणात होती, एवढेच.

बँकेत आम्हाला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवत. लेजरमध्ये आकडा चुकला तर तो खोडायचा नाही, खरवडायचा नाही. लाल शाईने त्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी आपली छोटी सही करायची. चूक दिसली पाहिजे, दुरुस्ती दिसली पाहिजे आणि दुरुस्त करणारा दिसला पाहिजे. रिंगर यांचे ते दोन लेख शेजारी ठेवले तर हीच लाल रेघ दिसते.

मी ती रेघ एकदा मारली नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. रात्रीचे आठ वाजून गेले तरी दिवस टॅली होत नव्हता. फरक नऊशे रुपयांचा. फरकाला नऊने भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झालेली असते, हे आम्हाला पाठ असायचे. मी शोधत गेलो आणि माझ्याच हातची नोंद सापडली. चार हजार पाचशेच्या जागी पाच हजार चारशे. ब्रँचमध्ये नवा होतो, लाज वाटली. खिशातल्या ब्लेडने आकडा खरवडला, बरोबर आकडा लिहिला, दिवस टॅली झाला, घरी गेलो. पुढच्या महिन्यात इन्स्पेक्शन आले. खरवडलेला कागद त्यांच्या नजरेतून सुटला नाही. लेजर ज्यांच्या ताब्यात असे त्या वयस्कर क्लार्कना मेमो मिळाला. मी अकरा दिवस गप्प बसलो. बाराव्या दिवशी मॅनेजरसाहेबांना जाऊन सांगितले. मेमो मागे घेतला गेला. ते क्लार्क मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण त्यानंतर दुपारच्या चहाला त्यांनी मला कधी हाक मारली नाही. रक्कम बरोबर होती, हिशेब बरोबर होता. चुकले होते ते एवढेच, की दुरुस्ती कुणी केली हे मी कागदावरून पुसून टाकले होते.

रिंगर यांना संतपद देण्याचा माझा विचार नाही. त्याच 1883 साली त्यांनी आणि विल्यम मरेल या डॉक्टरांनी सोडियम नायट्राइटच्या विषारी परिणामांवर लेख छापला. रुग्णालयात बाहेरून येणाऱ्या गरीब रोग्यांना ते द्रव्य देऊन परिणाम पाहिलेले होते आणि त्या रोग्यांना त्रास झालेला होता. त्यावर मोठा गदारोळ उठला. तो योग्यच होता. पाण्याविषयी इतका चोख असलेला माणूस रोग्याच्या संमतीविषयी चोख नव्हता. लेजरचे हेही पान आहे आणि तेही वाचले पाहिजे.

आता त्या कॅल्शियमकडे वळू. रिंगर यांना आणखी एक गोष्ट दिसली होती, जी मला अधिक महत्त्वाची वाटते. कॅल्शियम मिळाले की हृदय आकुंचन पावते, पण निव्वळ कॅल्शियमचा जोर झाला की त्याचे सैल पडणे लांबते आणि शेवटी ते आवळलेल्या मुठीसारखे राहते. पोटॅशियमने तोल सावरतो. म्हणजे हृदयाला कॅल्शियम हवे, पण ते वेळेवर आवरतेही घेतले पाहिजे. दिवसाकाठी हृदय लाखभर वेळा आवळते, आणि तितक्याच वेळा त्याला सैल व्हावे लागते. सैल झाले नाही तर त्यात रक्त भरणार कुठून?

हे आवरते घेणे कसे होते, ते कळायला पुढे शंभरावर वर्षे लागली. हृदयाच्या स्नायूची एक पेशी घ्या. विश्रांतीच्या वेळी तिच्या बाहेर जितके मोकळे कॅल्शियम असते त्याच्या जवळपास दहा हजारावा भाग आत असतो. पेशीच्या आवरणात प्रथिनांची बनलेली बारीक दारे असतात. विजेची लहर आली की ती उघडतात आणि कॅल्शियम आत घुसते. हे आलेले कॅल्शियम थोडेच असते, पण ते आतल्या कोठाराचे दुसरे दार उघडते आणि तिथून मोठा साठा बाहेर पडतो. तो ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि स्नायूचे धागे एकमेकांवर सरकतात. हे प्रथिन 1960 च्या दशकात जपानच्या सेतसुरो एबाशी यांनी शोधले. हा झाला ठोका. मग पंप कामाला लागतात, कॅल्शियम पुन्हा कोठारात आणि बाहेर जाते, धागे सुटतात.

पण पंप कितीही चांगले असले तरी दार उघडेच राहिले तर काय उपयोग? दार बंद करायला कुणीतरी हवे. आमच्या ब्रँचला लोखंडी सरकते गेट होते. पेन्शनच्या दिवशी शिपाईमामा त्या गेटला खांदा लावून उभे राहत. आत येणाऱ्यांचे धक्के खांद्याला बसू लागले की वर न पाहता ते गेट ओढून घेत. कुणी आतून हुकूम द्यावा लागत नसे. गर्दीच त्यांना सांगे की गर्दी झाली.

पेशीच्या दाराशी असाच एक शिपाई आहे. त्याचे नाव कॅल्मोड्युलिन. 1970 च्या सुमारास अमेरिकेत वाय यिउ चंग आणि जपानात शिरो काकिउची या दोघांना तो स्वतंत्रपणे सापडला. 148 अमिनो आम्लांची एक छोटी माळ, दोन टोकांना दोन गाठी, प्रत्येक गाठीत कॅल्शियमसाठी दोन घरे, अशी एकूण चार. पेशीत हे प्रथिन जागोजागी असते आणि नाना कामे करते. हृदयाच्या कॅल्शियम दारावरचे त्याचे काम 1999 मध्ये स्पष्ट झाले. तो बाहेरून धावत येत नाही. दाराच्या पेशीत लोंबणाऱ्या शेपटाला तो आधीपासून धरून बसलेला असतो. दार उघडते, कॅल्शियम आत येते, त्यातले काही कण याच्याच घरांत शिरतात. घरे भरली की त्याचा आकार बदलतो, आणि त्या बदलाने दार मिटते. जे आत आले त्यानेच आपल्यामागचे दार लावून घेतले.

ही योजना किती नाजूक आहे हे कळले ते आजाऱ्यांवरून. कॅल्मोड्युलिनची कृती आपल्या शरीरात तीन ठिकाणी लिहिलेली आहे, आणि प्रत्येक ठिकाणी आईकडून एक, वडिलांकडून एक, म्हणजे सहा प्रती. सहाही प्रतींतून बनणारे प्रथिन तंतोतंत एकच. इतकी खबरदारी घेतलेली असताना एका प्रतीत एक अक्षर चुकले तर काय बिघडणार, असे कुणालाही वाटेल. 2012 मध्ये स्वीडनमधल्या एका कुटुंबाची माहिती प्रसिद्ध झाली. त्यातल्या माणसांच्या हृदयाची लय श्रम झाले की बिघडत असे. सहापैकी एका प्रतीत एक चूक होती. 2013 मध्ये दोन तान्ह्या मुलांची नोंद आली. त्यांचे हृदय पुन्हा पुन्हा बंद पडत होते. तिथेही एकाच प्रतीत एक चूक. सदोष कॅल्मोड्युलिन शेपटाला नीट धरून बसते, पण कॅल्शियम आले तरी ते त्याला पुरेसे पकडत नाही. जागा अडवलेली, काम होत नाही. दार मिटायला उशीर होतो आणि पुढच्या ठोक्याची वेळ चुकते. बाकीच्या पाच प्रती अचूक असूनही मूल धोक्यात येते, कारण हजारो दारांपैकी काहींवर चुकीचा शिपाई बसलेला असतो.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. माणसाच्या शरीरात अशी एखादी चूक असते, जिच्यावर लाल रेघ मारता येत नाही. ती सापडली तर निदान त्या मुलाला आणि त्याच्या भावंडांना जपता येते, औषधे देता येतात, यंत्र बसवता येते. पण त्यासाठी आधी ती चूक कुठे आहे हे कुणीतरी पाहून, नाव घालून, स्पष्ट लिहून ठेवलेले असावे लागते. रिंगर यांनी पाण्याची चूक दडवली असती तर हृदयाला कॅल्शियम लागते हे पुढे दुसऱ्या कुणी शोधले असते, यात शंका नाही. शास्त्र कुणासाठी थांबत नाही. पण किती प्रयोगशाळांत आणखी किती वर्षे नळाचे पाणी शुद्ध म्हणून वापरले गेले असते, कोण जाणे.

रिंगर यांना 1885 मध्ये रॉयल सोसायटीने आपले सदस्य करून घेतले. ते 1895 पर्यंत प्रयोगांवर लेख लिहीत राहिले. शिष्यपरिवार, संप्रदाय असे त्यांनी काही उभे केले नाही. यॉर्कशायरमधले लास्टिंगहॅम हे खेडे त्यांचे सुट्टीचे ठिकाण होते. त्यांची एक मुलगी लहानपणीच गेली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी 1879 मध्ये तिथल्या जुन्या चर्चचा जीर्णोद्धार करून दिला. ज्या माणसाला बेडकाचे थांबलेले हृदय पुन्हा चालवता येत होते, त्याच्या घरातले एक हृदय असे थांबले होते. बेडकाच्या हृदयापाशी रोज बसताना त्यांच्या मनात काय येत असेल, हे त्यांनी लिहून ठेवलेले नाही. मीही कादंबरीकार असलो तरी इथे ते रचणार नाही. निवृत्तीनंतर ते त्याच खेड्यात राहायला गेले आणि 14 ऑक्टोबर 1910 रोजी वारले.

त्यांच्या द्रावणात लॅक्टेट मिसळले ते अमेरिकेतल्या अलेक्सिस हार्टमन या बालरोगतज्ज्ञांनी, 1930 च्या दशकात, आजारी मुलांसाठी. तीच आपली आर.एल. दुसऱ्या रात्री मला झोप आली नाही, तेव्हा मी त्या बाटलीकडे पाहत पडलो होतो. थेंब पडत होता, थांबत होता, पुन्हा पडत होता. तेव्हा मला यातले काही ठाऊक नव्हते. आता कळते की त्या बाटलीतले पाणी अतिशय शुद्ध केलेले असते, फील्डरने कंटाळा केला त्याहून कितीतरी शुद्ध. आणि मग त्यात कॅल्शियम मोजून, हिशेबाने, लेबलावर लिहून घातलेले असते.

ते क्लार्क मागच्या वर्षी गेले. मी त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. त्यांच्या मुलाने मला ओळखले, बाबा तुमच्याबद्दल सांगत असत, असे म्हणाला. काय सांगत असत, ते विचारायचे धाडस मला झाले नाही. म्हणून ही नोंद इथे करतो आहे. आकडा खरवडला होता तो मी.